पागोळ्यांची रेघ

आमच्या नव्या घराचा पहिला नकाशा वहिनीने काढला, पुतण्याच्या गणिताच्या वहीतल्या शेवटच्या चौकटीच्या पानावर. त्यात खोल्या नव्हत्याच. नुसतं पाणी होतं. झड कोणत्या भिंतीवर बसते, आषाढात मागीलदारचं पाणी कुठे तुंबतं, भिंतीला पहिली बुरशी कुठल्या कोपऱ्यात धरते, याचे बाण आणि फुल्या. प्रत्येक फुलीशेजारी साल लिहिलेलं: २०२०, २०२१, २०२२, २०२३. चार पावसाळे तिने पत्र्याखाली काढले होते आणि चारही टिपून ठेवले होते. दापोलीहून आलेल्या तरुण इंजिनिअरपुढे तिने ती वही ठेवली तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्याने लॅपटॉपवर हॉल, किचन, दोन बेडरूम असा आराखडा तयारच आणला होता. वही त्याने दोनदा फिरवून पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले आणि लॅपटॉप मिटला. त्या मुलाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून थोडं आत, सड्याच्या उतारावर. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. दक्षिण रायगड आणि आमच्याकडचे मंडणगड-दापोली या पट्ट्यात त्या दिवशी माड आणि पोफळी आडव्या झाल्या, आणि घरांची छपरं गेली. आमच्या घराची आधी पडवी उचलली गेली. पडवीचे वासे मुख्य छपराच्या वाशांना जोडलेले होते, त्यामुळे ती जाताना अर्धं छप्पर ओढून घेऊन गेली. आई, दादा, वहिनी आणि दोन मुलं मागच्या न्हाणीघरात उभी होती, कारण सबंध घरात स्लॅब होता तो तेवढ्या सहा बाय आठ फुटांवर. मी पुण्यात. टाळेबंदीचे दिवस. फोन बंद पडला तो तीन दिवसांनी लागला. दादा पहिलं वाक्य बोलला ते, ‘माणसं आहेत.’

त्या न्हाणीघरापासून आमच्या घराची गोष्ट सुरू होते, असं मी समजते. मुंबईच्या काकांचं म्हणणं होतं, आता अख्खा स्लॅबच टाका. कौलांचा नाद पुरे. गावातल्या निम्म्या लोकांनी पत्रे घातले होते, आणि त्याला कारणही होतं. वादळाची भीती होतीच, पण त्याहून मोठं कारण माकडं. आंब्याच्या दिवसांत माकडांची टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कौलं फुटतात, आणि फुटलेलं कौल बदलायला चढणारा माणूस आता गावात सापडत नाही. पत्रा एकदा ठोकला की वीस वर्षं बघायला नको. हे सगळं वहिनीला मान्य होतं. पण तात्पुरता म्हणून घातलेल्या पत्र्याखाली ती चार पावसाळे राहिली होती. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. ती एवढंच म्हणाली, ‘पत्र्याखाली चार महिने माणूस माणसाशी बोलत नाय. म्हातारीने हाक मारली तर मला ऐकू यायला हवी.’

शेवटी ठरलं ते असं: घराच्या मधोमध माजघर आणि देवघर यांवर स्लॅब, आणि त्या सगळ्यावरून उतरतं कौलारू छप्पर. वादळ आलं तर माणसांनी माजघरात यायचं. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून पूर्ण वेगळं, म्हणजे एक गेलं तरी दुसरं राहील. ही कल्पना कुणा एकाची नव्हती. इंजिनिअरला वादळी किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम माहीत होते आणि वहिनीला न्हाणीघर आठवत होतं.

कागदाचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललं. कोकणात ज्यांची वडिलोपार्जित जमीन आहे त्यांना सांगायला नको. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं. काही पणजोबांच्या काळातली, वारस नोंद न झालेली. जिवंत असलेले लोक मुंबई, सुरत, बडोद्यात. प्रत्येकाला भेटायचं, समजवायचं, शिमग्याला नाहीतर गणपतीला गावी आले की तालुक्याला न्यायचं. त्या यादीत माझंही नाव होतं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांसारखा हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी आमच्या दोन्ही आत्यांनी बांगडीचोळीवर हक्कसोड केली होती आणि माझ्याकडूनही तेच अपेक्षित होतं. वहिनीनेच आडवं घेतलं. घराच्या जागेपुरती सही मी दिली, वरच्या आंब्याच्या तुकड्यावर माझं नाव ठेवायला तिने दादाला लावलं. भावजय नणंदेसाठी असं भांडते हे मी लिहून ठेवते आहे, कारण असं लिहिलेलं मी फारसं वाचलेलं नाही.

चिरे आम्ही एक पावसाळा आधी आणले. २०२४ च्या एप्रिलमध्ये सड्यावरच्या चिरेखाणीतून साडेतीन हजार. खाणीत उभं राहिलं की कोकण कशाचं बनलं आहे ते दिसतं: लालभडक सपाट चौक, त्यावर यंत्राचं पातं आधी उभं, मग आडवं फिरतं आणि जमीनच चिऱ्यांच्या आकारात कापली जाते. पूर्वी हेच काम टिकावाने व्हायचं. खाणीतले बहुतेक कामगार कर्नाटकातले, अंगावर, पापण्यांवर लाल धूळ. एका चिऱ्याचं वजन तीस-पस्तीस किलो. म्हणजे आमच्या घरात शंभर टनांहून जास्त दगड कुणीतरी उचलून ठेवला आहे, आणि एकेक चिरा दोन-तीनदा.

जांभा हा पावसानेच केलेला दगड. लाखो वर्षं पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागे ठेवलं. गंजलेल्या लोखंडाचा तो लाल रंग. फ्रान्सिस बुकानन नावाच्या इंग्रजी नोकरीतल्या वैद्याने मलबारात अंगाडीपुरमजवळ हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. कारण लोक तो विटेसारखा कापत होते. जमिनीत असताना तो मऊ असतो, बाहेर काढून वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. म्हणूनच चिरा खाणीतून थेट भिंतीत घालू नये, असं जुने लोक सांगत. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, तो याच जांभ्याचा. आणि रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर ज्यांनी कातळशिल्पं खोदली त्यांनीही हाच कातळ निवडला होता.

पावसाळाभर चिरे खळ्याच्या कडेला रचून ठेवले. दिवाळीनंतर वहिनी आणि मिस्त्री दोघांनी ते एकेक करून निवडले. हातोडीची मूठ मारली की चांगला चिरा खणखणतो. पांढरट-पिवळी माती भरलेला बद्द वाजतो. दोनशेच्या वर चिरे बाजूला निघाले. ते भिंतीत गेले असते तर दहा वर्षांनी त्यातली माती पावसाने वाहून गेली असती आणि भिंतीत भोकं राहिली असती. त्यांचा आता गडग्याला उपयोग झाला.

मिस्त्री विजापूरकडचे. सोळा वर्षं दापोली-गुहागर भागात गवंडीकाम करतात. वहिनीला अक्का म्हणतात, आईला अव्वा. त्यांची बायको, भाऊ, भावजय आणि दोन लहान मुलं असा सगळा संसार आमच्या आगरात ताडपत्रीच्या खोपटात. मटेरियल आमचं, मजुरी त्यांची, असा करार. करार झाल्यावर दादाने ग्रामदेवतेला कौल लावला. देवळात मागतो तो कौल आणि घरावर घालतो ते कौल, या दोहोंना आपल्या भाषेत एकच अक्षरं आहेत याची मला त्या दिवशी फार सोबत वाटली.

पाया खणताना पूर्वेच्या अंगाला चार फुटांवर कातळ लागला, पश्चिमेच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत भुसभुशीत मातीच. दादा पाच फुटांवरच म्हणाला होता, थांबवू. मिस्त्री थांबले नाहीत. अर्धं घर कातळावर आणि अर्धं भरावावर बसलं तर एक बाजू दबते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. असं घर त्यांनी पाहिलं होतं. सात फुटांवर त्यांना हवा तसा खडक लागला तेव्हा त्यांनी पहार दोनदा आपटून आवाज ऐकला आणि मग दादाला खाली बोलावून त्यालाही ऐकवला. काळ्या दगडाचा पाया, त्यावर जोतं. जोतं अडीच फूट उंच, हे वहिनीच्या वहीतून आलं होतं. जोत्यावर, खिडक्यांच्या वर आणि भिंतींच्या माथ्यावर अशा काँक्रीटच्या तीन पट्ट्या सगळ्या घराला कंबरपट्ट्यासारख्या फिरवल्या. काकांना हा खर्च जास्त वाटला. पण कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आमच्या आईला अजून आठवतो, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून. भिंती एकमेकींना बांधलेल्या असल्या तर हलतात, पण सुट्या होऊन पडत नाहीत. माथ्यावरच्या पट्टीत सळीचे आकडे सोडले होते, छपराचा सांगाडा त्यांना आवळण्यासाठी. जुन्या घरात छप्पर भिंतीवर नुसतं बसवलेलं होतं, स्वतःच्या वजनावर. वाऱ्याला ते ढकलायचं नव्हतं, फक्त वर उचलायचं होतं.

मार्चमध्ये शिमगा आला तेव्हा भिंती खिडकीपर्यंत उठल्या होत्या. पालखी घरोघर फिरते तशी आमच्याकडेही आली. बसवायची कुठे? आई म्हणाली, माजघरात. तिथे वर आभाळ, खाली मातीचा भराव, एका कोपऱ्यात वाळूचा ढीग. चार घोंगड्या अंथरल्या, पालखी टेकली, गाऱ्हाणं झालं, आणि मिस्त्रींच्या बायकोनेही ओटी भरली. मुंबईहून आलेले काका त्या बिनछपराच्या माजघरात इकडून तिकडे फिरले आणि पहिल्यांदा म्हणाले, ‘खोली चांगली मोठी झाली हो.’ त्यानंतर स्लॅबचा विषय त्यांनी काढला नाही.

पाडव्याला मिस्त्रींनी पंधरा दिवसांची सुट्टी मागितली. दादा चिडला. एप्रिल म्हणजे कोकणातल्या बांधकामाचा जीव. मृगाच्या आत छप्पर झालं नाही तर सगळं भिजतं. मिस्त्रींच्या गावच्या घरावर मातीचं सपाट छत आहे. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घालून चोपावी लागते, आणि घरी म्हातारे आईबाप दोघंच. वहिनीने दादाला बाजूला घेतलं. ‘त्यांच्या घरावर पाऊस पडत नाय काय?’ एवढंच. मिस्त्री गेले आणि बरोबर सोळाव्या दिवशी परत आले, येताना ज्वारीचं पोतं घेऊन.

त्या पंधरा दिवसांची किंमत पुढे मोजावी लागली, हेही लिहायला हवं.

स्लॅब एप्रिलच्या शेवटी पडला. त्या दिवशी वाडीतली वीस माणसं आली होती, घमेली हातोहात वर जात होती, आणि आई एका खुर्चीवर बसून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या मोजत होती. वाळू कुठली यावरून आधीच वाद झाला होता. जवळ आणि स्वस्त म्हणजे खाडीची. पण तिच्यात मीठ असतं, मिठाने सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. समुद्राकाठच्या कितीतरी घरांच्या स्लॅबमधून लाल सळ्या लोंबताना आपण पाहतो त्या याच. आम्ही क्रश सँड आणली. त्यानंतर सुरू झालं ‘पाणी मारणं’. काँक्रीट वाळून घट्ट होतं असा पुष्कळांचा समज असतो, माझाही होता. ते घट्ट होतं सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेने. पहिल्या सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते आणि २८ दिवसांची ताकद हिशेबात धरतात. तेवढ्यात वाळू दिलं तर क्रिया अर्धवट राहते. मिस्त्रींनी स्लॅबवर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे केले आणि वहिनीला सांगितलं, ‘अक्का, वाफा कोरडा दिसला नाही पाहिजे.’

पण मे महिना उजाडत होता आणि विहिरीचा तळ दिसायला लागला होता. जिथे चार महिने पाण्याने जीव नकोसा होतो तिथे त्याच गावाला मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपून खाली निघून जातं. वहिनी धुण्याचं पाणी साठवायची, साबणाचं वेगळं आणि खळबळलेलं वेगळं, आणि खळबळलेलं पाणी गुरांना. चांगलं पाणी स्लॅबला. बारा दिवस तिने एक वाफा कोरडा पडू दिला नाही. पलीकडच्या वाडीतली एक विधवा बाई त्याच सुमारास घरकुल बांधत होती. केंद्राच्या योजनेचे १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटरचं घर. तिच्या जागेपर्यंत गाडीरस्ता नाही. चिरे, सिमेंट, वाळू सगळं पाखाडीवरून डोक्यावर न्यायचं. आमच्या निवडीतले बद्द वाजणारे चिरे तिने मागितले तेव्हा वहिनीने ते दिले नाहीत. चांगल्यातले ऐंशी काढून दिले.

छपराच्या सांगाड्याला लोखंडी पाइप घेतले, पण ओटीवर जुन्या घराचे ऐनाचे वासे आणि फणसाची चौकट पुन्हा बसवली. वादळातून वाचलेली आठशे मंगलोरी कौलं होती. बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात १८६५ च्या सुमारास कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारं हे सपाट कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे गेलं. त्याआधी कोकणात कुंभाराची नळीची कौलं. आमच्या जुन्या कौलांच्या पाठीवरची अक्षरं वाचत मुलांनी एक सबंध दुपार घालवली. उरलेली नवी आणली, आणि माकडांसाठी दोनशे जास्त.

१७ मेला कौलं चढवायला सुरुवात झाली. मृगाला तीन आठवडे होते. २० मेपासूनच पाऊस आला. वळीव समजून आम्ही थांबलो, पण तो थांबेना. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि २४ मेला ते रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. दुसऱ्याच दिवशी मान्सून देवगडपर्यंत पोचल्याचं जाहीर झालं आणि २६ मेला तो मुंबईत होता, इतक्या लवकर तो मुंबईत पोचल्याची नोंदच नव्हती. मी सुट्टी घेऊन गावी होते. पश्चिमेचा पाखा घातलेला, पूर्वेचा उघडा. चोवीसच्या सकाळी आगरातलं खोपटं उडालं. मिस्त्रींची बायको धाकट्याला पदराखाली घेऊन धावत आली, मागून सगळे. जुन्या पत्र्याखाली आम्हीही राहू शकत नव्हतो. पत्रे थडथडत होते आणि आई त्या आवाजाने थरथरायला लागली होती.

आम्ही बारा माणसं नव्या माजघरात गेलो. भिंतींना गिलावा नव्हता, खाली खडी, खिडक्यांना पोती. स्लॅबच्या खालच्या अंगाला अजून सेंट्रिंगच्या प्लेटांचे चौकोन दिसत होते. वहिनीने तीन दगड मांडून चूल पेटवली. आईने आधी वर पाहिलं, मग चारही भिंतींकडे, मग भिंतीला हात लावून बघितला. बाहेर वारा होता, पूर्वेच्या अंगाने पाणी आत येत होतं, पण माजघरात ठिबकलं नाही. ज्वारीच्या त्याच पोत्यातलं पीठ होतं. मिस्त्रींच्या बायकोने भाकरी थापल्या, आमची मुलं आणि तिची मुलं एका ताटात जेवली. रात्री कधीतरी आईने वहिनीला हाक मारली, अगदी हळू, पाण्यासाठी. वहिनी दुसऱ्या टोकाला होती. तिला ऐकू गेली.

दादा मिस्त्रींना म्हणाला, ‘ते पंधरा दिवस असते तर पुरं झालं असतं.’ मिस्त्री म्हणाले, ‘हो दादा.’ थोड्या वेळाने दादाच म्हणाला, ‘तिकडे छत राहिलं का?’ मिस्त्रींनी फोन लावून पाहिला. राहिलं होतं.

पूर्वेचा पाखा जूनमध्ये, उघडीप मिळेल तसतसा झाला. गिलावा आतूनच केला. बाहेर चिरे उघडे ठेवून फक्त दर्जा भरल्या. २७ ऑगस्टला गणपती माजघरात बसला. फरशी अजून व्हायची होती, शेणाने सारवलेल्या जमिनीवरच आरत्या झाल्या. एकोणीस नावांपैकी बारा घरांतली माणसं आली होती.

पंचमीच्या सकाळी पाऊस थांबला तेव्हा वहिनी एकटीच घराभोवती फिरत होती. मी मागोमाग गेले. छपरावरून पडणाऱ्या पागोळ्यांनी लाल मातीत बारीक खड्ड्यांची एक रेघ ओढली होती, सबंध घराभोवती, जोत्यापासून दीड फूट बाहेर. ती पाय मोजत त्या रेघेच्या कडेने चालली. मागीलदारच्या कोपऱ्यावर थांबली. तिथे दोन पाखे मिळतात, पाणी एकवटून पडतं आणि रेघ आत सरकून थेट जोत्यावर आली होती. चिऱ्यावर ओला डाग होता.

ती आत गेली, गणिताची वही घेऊन आली. त्या कोपऱ्यावर फुली काढली आणि शेजारी लिहिलं, २०२५.